कोपऱ्यावरच्यांनी कूलर आणला

"आयकलं काय गो वैनी? कोपऱ्यावरच्यांचे घरा पापर नरम परले. सगला डबा!"

नवी मुंबईतल्या सारसोळे गावठाणात बातमी अशी पापडापासून सुरू होते आणि माणसांपर्यंत पोचायला तिला फार वेळ लागत नाही. मे महिन्याचा उतरता पंधरवडा, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची घाई. अंगणात काकींनी प्लास्टिकवर जवळा पसरलेला. दोन घरांमधल्या छातीएवढ्या भिंतीवर अलीकडून काकींची कोपरं, पलीकडून वैनींची ओली चादर. माझी खिडकी बरोबर त्या भिंतीच्या डोक्यावर. मी कान देत नाही, तो आपला जातो.

"पापड काऊन नरम पडन वो काकू? ऊन तर पाहा कसं तापून राहिलं."

वैनी अकोल्याच्या. यजमान तुर्भ्याला कंपनीत, म्हणून इथे भाड्याने. ऊन म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे, मुंबईकडच्या लोकांना नाही, असं त्यांचं ठाम मत, आणि ते चुकीचंही नाही.

"काऊन म्हंजे? कूलर आनला ना त्यांनी! फ्रीजपरीस मोठा. दारं-खिरक्या घट्ट लावल्या, गारवा भायेर जाईल म्हनून. म्हातारी त्याचे पुरे खुर्ची टाकून बसली. पयले म्हनाली, काश्मीर. आता म्हनते, गुडघं धरलं. मिठाला पानी सुटला, काडेपेटी पेटत नाय, कपाटान सारीवर बुरशी. सासू म्हनते सुनेचे म्हायेरची शिफारस, सून म्हनते नवऱ्याची हौस."

"आन् नवरा?"

"तो काय बोलल? तो रातचा जेट्टीवर जाऊन बसतो. तिथं वारा फुकट."

हे खरं आहे. पामबीच रस्ता ओलांडून सारसोळे जेट्टीकडे गेलं की कांदळवनाच्या कडेला खाडीवरून वारा येतो. गावठाणात मात्र घराला घर चिकटलेलं. कौलं होती तेव्हा वळचणीच्या फटीतून तरी हवा खेळायची. आता स्लॅब, वर मजला, त्यावर मजला, आणि खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. आमच्या या दोन घरांमधली फट उरली आहे ती केवळ दोन भावांच्या जुन्या भांडणामुळे. तिच्यामुळेच ही भिंत, आणि भिंतीमुळे या गप्पा. भांडणाचे असेही उपकार असतात.

वैनींनी चादर पिळली, जरा जास्तच जोरात. "कूलरले बोल लावू नका हां काकू. कूलर वाईट नसते. अकोल्यात कूलर नसन तर माणूस जगत नाही."

मग त्या सुरू झाल्या. होळी झाली की कूलर माळ्यावरून खाली येतो. पत्र्याचा, गावातल्याच कारागिराने ठोकलेला. टाकीला गंज चढला असेल तर खरवडून रंग मारायचा, नळीची भोकं सुईने मोकळी करायची, मागच्या साली काळ्या पडलेल्या लाकडी किसाच्या ताट्या फेकून नव्या भरायच्या. परवडलं तर वाळ्याच्या. वाळ्याच्या ताटीवर पहिलं पाणी पडलं की जो वास सुटतो त्यावर वैनी चांगल्या दोन चादरी वाळत घालण्याइतका वेळ बोलल्या. कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर, तोंड तेवढं आत. समोरचं दार उघडं. रात्री सगळं घर एका ओळीत त्या झोताखाली. जावई आला तर त्याची गादी पहिली. पाणी कोणी भरायचं यावरून भांडणं. नळ काही रोज येत नाही, महानच्या धरणाचं पाणी जपून वापरायचं. पण प्यायचं भरून झालं की दुसरा नंबर कूलरचा.

"२०२४च्या मे महिन्यात तर कलेक्टरनं १४४ कलम लावलं होतं," वैनी म्हणाल्या.

"दंगल जाली?"

"ऊन झालं! पंचेचाळीसच्या वर. क्लासेसच्या वेळा बदलल्या, मजुरांसाठी नियम काढले. तुमच्या इथं कधी लागलं उन्हासाठी कलम?"

काकींनी ओठ दाबले. उन्हात हरायची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. "तुजे अकोल्याचा ऊन तुजेपाशी. खारघरला काय जाला व्हता, इसरलीस?"

दोघी क्षणभर थांबल्या. १६ एप्रिल २०२३, महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, उघडं मैदान, भर दुपार. उष्माघाताने चौदा माणसं गेली. इथून काही स्टेशनं पलीकडे. पारा अकोल्याच्या मानाने मवाळच होता. हवामान खातं मैदानी भागात चाळीस अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, किनाऱ्यावर सदतिसापासून. कारण किनाऱ्यावर अंगावरचा घाम लवकर वाळत नाही, आणि असल्या उन्हात घाम वाळला नाही तर शरीराला गार होण्याचा दुसरा रस्ता फारसा उरत नाही.

तेवढ्यात काकींचा भाचा आला. एसी-फ्रीज दुरुस्त करतो, मे महिन्यात त्याला जेवायला वेळ नसतो. पण मामीकडे भाकरी आणि कोलंबीचं कालवण असेल तर असतो.

"मामी, ताट वाढ. कोपऱ्यावरून येतोय. कूलर बिघडलाय म्हणून बोलावलं. बिघडलेला नाय. पंप चालू, मोटर चालू, पॅड नवेकोरे."

"मंग पापर?"

"कूलर बिघडला नाय, हवा बिघडलीय."

कूलर गार करतो तो पाण्याच्या गारव्याने नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. पाणी वाळताना, म्हणजे त्याची वाफ होताना, आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला जी उष्णता लागते ती विजेच्या हिशोबात पाऊण युनिटाच्या जरा खाली. ती कूलर हवेतूनच काढतो. पण हवा आधीच ओली असेल तर पाणी वाळणार कसं? अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा. चांगल्या ताटीचा कूलर त्या हवेला २८ अंशांच्या आसपास आणून सोडतो. सतरा अंशांची घसरण! सारसोळ्यात ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के धरा. तोच कूलर फार तर साडेएकोणतीस-तीसवर जाऊन थांबतो. चार-साडेचार अंश. आणि त्या चार अंशांची किंमत म्हणून खोलीतली आर्द्रता नव्वदीला नेऊन ठेवतो. दारं लावून घेतली तर मग विचारायलाच नको. तीच ओली हवा पुन्हा ताटीतून, पुन्हा ओली. कूलरला खिडकीतून कोरडी हवा लागते आणि दारातून ओली हवा बाहेर जायला वाट लागते. गावठाणातल्या घराकडे दोन्ही नाही.

हे मी खिडकीतून सांगितलं. आकडे आले की काकी वर बघतातच. "काय वो मास्तर, खरा काय ता?" म्हटलं, खरं.

"मना आकरे नको सांगू," काकी भाच्याकडे वळून म्हणाल्या. "मना जवला दिसतो. वारा पूर्वेचा सुटला, मतलई, तं सुकट दोन दिसान कडक. खारा वारा सुटला तं ऊन कवरा का परेना, हाताला चिकट लागते. मीठ तेच, ऊन तेच. पन सुकत नाय."

याहून चांगलं आर्द्रतामापक मी पाहिलेलं नाही. जवळा ज्या दिवशी लवकर सुकतो त्या दिवशी कूलर चालणार. ज्या दिवशी वैनींची चादर संध्याकाळी काढतानाही दमट लागते त्या दिवशी नाही. दुकानदाराला हे विचारायची सोय नाही. त्याच्या दुकानात एसी असतो.

वैनींना एकदम काहीतरी आठवलं. "थांबा थांबा. आमच्याकडेही मृग लागला का पंप बंद करतात! पहिला पाऊस झाला का कूलर चिपचिप करते. मग पाणी काढून टाकायचं आन् नुसता पंखा लावायचा."

"तेच तं," भाचा तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "इथे बाराही महिने तुमचा मृगच लागलेला असतो, वैनी."

हे बोलताना त्याने थोडी अतिशयोक्ती केली, आणि ती लगेच पकडली गेली. कारण काकींनी विचारलं, मग त्या म्हातारीला पहिल्यांदा काश्मीर कसा काय लागला?

"कधी आणला कूलर?"

"शिमग्याचे टायमाला."

"हां मग!"

मार्च महिन्यात मुंबई-ठाणे-बेलापूर पट्ट्यात काही दिवस जमिनीवरून, पूर्वेकडून तापलेला वारा येतो आणि समुद्राचा वारा दुपार उलटेपर्यंत आत शिरत नाही. त्या दिवसांत पारा चाळिशीला टेकतो आणि हवा चक्क कोरडी होते. ओठ फुटतात, सुकट खडखडते. मुंबईची उष्णतेची गाजलेली नोंदही मेमधली नाही, सांताक्रूझला ४२.२ अंश झाले ते १४ एप्रिल १९५२ रोजी. असल्या कोरड्या आठवड्यात सारसोळ्यातही कूलर बहार करतो. लोक नेमके तेव्हाच दुकानात जातात. घरी आणतात, खूश होतात, शेजारच्यांना दाखवतात. आणि एप्रिल सरता सरता खारा वारा लवकर येऊ लागतो, रात्रीही चिकचिक जात नाही, आणि पापडाचा डबा उघडला जातो. कोपऱ्यावरच्यांना कोणी फसवलं नाही. कॅलेंडरने चकवलं.

"त्यांनी बर्फ पन टाकला," भाच्याने ताजी खबर दिली. "आज टाकीत दोन लाद्या."

यावर काकी इतक्या हसल्या की जवळ्यावर बसलेला कावळा उडाला. जन्मभर पाटीत बर्फावर मासळी मांडून विकलेली बाई ती. बर्फाचं पाणी व्हायला किती वेळ लागतो आणि त्याला किती रुपये पडतात हे तिला कोणी शिकवायला नको. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, त्याच्या सातपट उष्णता किलोभर पाणी वाफ होताना घेतं. म्हणजे हवा कोरडी असेल तर बर्फाची गरज नाही, आणि ओली असेल तर बर्फाने फार काही साधत नाही. तरी बर्फाच्या खास कप्प्याचे कूलर विकले जातात. कप्पा दिसतो ना.

"मग तुम्ही लोक पंख्यावर कसं काय काढता वो?" वैनींचा खरा प्रश्न. "आमच्याकडे मे महिन्यात नुसता पंखा लावा, भट्टीचा भाता वाटते. अंग भाजते."

इथेच दोघींचीही बाजू खरी आहे. पंखा हवा गार करत नाही. तो अंगाजवळची दमट, तापलेली हवा हुसकून लावतो आणि घामाला वाळायला मदत करतो. आपल्या कातडीचं तापमान पस्तीसच्या आसपास. हवा त्याहून थंड असेल तोवर पंखा माणसाच्या बाजूचा. हवा त्याच्या बरीच वर गेली की तोच पंखा बाहेरची उष्णता अंगात भरतो. सारसोळ्यात मे महिन्याची दुपार बहुधा तेहतीस-चौतीस, म्हणजे काठावर पण अलीकडे. इथे पंख्याचं राज्य. अकोल्यात पंचेचाळीस, तिथे एकटा पंखा लावून म्हाताऱ्या माणसाला झोपवणं धोक्याचं.

आणि पंखा हवा गार करत नाही, याची दुसरी बाजू काकींना पटेना. त्या बाजाराला निघताना पंखा चालू ठेवून जातात, "आल्यावर खोली गार पायजे." भाच्याने सांगितलं, रिकाम्या खोलीत पंखा फिरला तर मोटरीची तेवढी ऊब खोलीतच उरते, खोली केसभर तापतेच. काकी म्हणाल्या, तू एसीवाला, तुझं ऐकलं तर मी वीज बिल भरताना मरेन. यात तर्क नव्हता, पण बिलाचा विषय निघाला.

"साधा पंखा पंचाहत्तर वॅट," भाचा बोटांवर मोजू लागला. "रात्रीचे आठ तास धर. महिन्याला अठरा युनिट. नवीन बीएलडीसीचा घेतला तर तीस वॅट, सात-साडेसात युनिट. कूलर एकशेऐंशी वॅटचा, त्रेचाळीस युनिट. आन् एसी लावलास तर तो एका रात्रीत कूलरच्या कितीतरी पट खाणार. महावितरणचा शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की वरच्या युनिटांना दर चढा. मग कोण कोणाला गार करतंय ते बिलावर दिसतं."

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही वीजबचतीचे तारे छापणं सक्तीचं झालं आहे. तरी आपल्याकडे पंखा घेताना लोक पात्यांचा रंग बघतात आणि "हवा लागते का" एवढंच विचारतात. जुना, कण्हत फिरणारा पंखा वीस-वीस वर्षं लटकत राहतो, कारण तो बंद पडत नाही. बंद न पडणाऱ्या वस्तूइतकी महाग वस्तू घरात दुसरी नाही, असं माझं मत. काकींच्या घरात असे दोन आहेत.

"पन रातचा पंखा गरम हवा टाकतो, ता काय?" काकींनी विचारलं.

तो दोष पंख्याचा नाही, स्लॅबचा. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता खाली सोडत राहतो आणि पंखा स्लॅबखालची तीच हवा गादीवर आणतो. काकी रात्री छताचा बंद करून टेबलफॅन दाराशी ठेवतात, बाहेरची हवा आत घेतात. हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. संध्याकाळी गच्चीवर चार बादल्या पाणी मारतात तेही बरोबर. ते पाणीसुद्धा कूलरसारखंच वाळतं, उष्णता घेऊन जातं, पण वाफ गच्चीवर राहते, पापडाच्या डब्यात येत नाही. गच्चीला पांढरा रंग मारला तर त्या चार बादल्याही वाचतील. मोरबे धरणाचं पाणी आहे म्हणून काय ते उधळायचं?

वैनींच्या भिंतीकडे बोट करून भाचा म्हणाला, "तुमचा पन कूलर आहे ना पॅसेजमध्ये? ताडपत्रीखाली. टाकीत पाणी नाय ना?"

"थोडं असन."

"काढा. नुसतं ओतू नका, टाकी आतून घासा. डेंगीच्या मच्छराची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून बसतात, सुकली तरी मरत नाय, पुढच्या वेळेला पाणी भरलं की फुटतात. पाणी ठेवलंच तर आठवड्यात एकदा टाकी कोरडी करायचीच."

वैनी ओशाळल्या. अकोल्याहून सामानाच्या टेम्पोतून तो कूलर आणताना यजमानांनी नको म्हटलं होतं, आणि त्यांनी ऐकलं नव्हतं. गेले काही महिने तो ताडपत्रीखाली होता आणि त्याच्यावर कांदे-बटाटे ठेवायची सोय झाली होती.

अचानक काकी ओरडल्या. "आला! बग, आला परत!" टप्, टप्. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या एसीच्या नळीतून पाणी, थेट जवळ्याच्या कडेवर. रोजचं आहे हे. काकींनी खाली बादली ठेवली आहे, पण वारा फिरला की थेंबही फिरतो. रात्रभर एसी चालला की सकाळी ती बादली चांगली जड होते. कूलर हवेत पाणी घालतो, एसी काढतो. त्या बादलीतलं पाणी एका खोलीतल्या आणि रात्रभर तिच्यात शिरलेल्या हवेतूनच आलेलं. असल्या हवेत कूलरने आणखी पाणी सोडायचं ते कुठे?

काकींनी वरच्यांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. वरची खिडकी बंद झाली, एसी चालूच राहिला. आभाळात पश्चिमेकडून ढग. काकींनी जवळ्याला हात लावला, चेहरा पाडला. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, दोन महिने त्या किनाऱ्याला, आणि सुकट जर अर्धी ओली डब्यात गेली तर पावसाळ्यात तिला वास सुटणार.

मग त्यांनी भिंतीवरून मान लांब केली.

"वैनी. तो तुजा कूलर. पंखा कवरा मोठा हाय त्याचा?"

"असन अठरा इंची. काऊन?"

"ताट्या कार. पंप कार. पानी नको. निस्ता पंखा दे. ताडपत्रीखाली जवला पसरते नि वारा लावते."

भाच्याने मान डोलावली. म्हणाला, मोटर दणकट असते त्याची, छताच्या पंख्याहून वारा जोरात आणि सरळ फेकते, पाण्याशिवाय चालवायला काही हरकत नाही.

"आन् वास? वास लागन ना वो त्याले! पुढच्या साली अकोल्याले न्यायचा आहे. आमच्या सासूबाई माळकरी आहेत!"

"मंग इकत दे. पैशे देते."

"किती?"

काकींनी आकडा सांगितला. वैनींनी दुप्पट. भाच्याने मध्ये पडून, मोटरीची वाइंडिंग जुनी आहे असं सांगून मामीची बाजू घेतली, आणि दुसरी भाकरी मागितली. शेवटी अर्धे रोख आणि अर्ध्याची सुकट, यावर काकी अडून बसल्या.

वैनींनी आजूबाजूला पाहिलं. मग वर, माझ्या खिडकीकडे पाहिलं. मी वर्तमानपत्र उंच धरलं.

"सुकट चालन," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "ह्यांना लय आवडते. फक्त सासूबाईंचा फोन आला तर तुम्ही मधात बोलू नका काकू."